‘उठले का जी?’मधले बारा सेकंद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी कळमेश्वरच्या गजभिये गुरुजींचं नाव घेईन. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. शाळेत एक रेडिओ होता. गुरुजी त्यावर बातम्या लावायचे आणि आम्हाला त्या वहीत उतरवायला सांगायचे. "जेवढं कानावर पडलं तेवढंच लिहायचं. आपल्या मनचं एक अक्षर घालायचं नाही," एवढाच त्यांचा नियम. बी.ए. झाल्यावर नागपूरच्या रेडिओ केंद्रात परीक्षा दिली, तेव्हा हाच सराव कामाला आला. मी लागलो.

हे आधी सांगतो, कारण सत्तरच्या दशकातल्या एका मंगळवारी मी एकतीस पत्रं टेबलावर पसरून बसलो होतो आणि त्यातल्या एकाही माणसाने गुरुजींचा नियम पाळलेला नव्हता.

पत्रं एका बंद पडलेल्या कार्यक्रमाबद्दल होती. कागदोपत्री त्याचं नाव ‘प्रभात संवाद’. पण सादर करणारे यशवंत लोणारे रोज पहाटे पावणेसहाला "उठले का जी?" म्हणून सुरुवात करायचे, म्हणून गावभर तेच नाव झालं. लोणारे आधी बसमध्ये कंडक्टर होते. आवाज खणखणीत, बोलणं घरातल्यासारखं. तीन महिन्यांच्या करारावर आले होते आणि त्यासाठी कंडक्टरकी सोडली होती. रोज एक साधा माणूस ते स्टुडिओत आणायचे. कधी दूधवाला, कधी लाइनमन, कधी संत्रा मंडीतला हमाल. पंधरा मिनिटं गप्पा. कार्यक्रम थेट जायचा, म्हणजे बोललेलं त्याच क्षणी लोकांच्या घरात. त्याचं रेकॉर्डिंग होत नसे. टेप कमी असत, त्याच पुसून पुन्हा वापरत.

सातव्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून पत्र आलं आणि कार्यक्रम थांबला. कारण लिहिलं होतं, ‘प्रसारणाची गुणवत्ता’. त्याचा अर्थ आम्हाला कुणालाच कळला नाही. लोणारेंना तोंडी सांगितलं की सकाळच्या वेळेची फेररचना चालू आहे.

मग पत्रं येऊ लागली. केंद्र संचालक पाठकसाहेबांनी मला बोलावलं.

"मेश्राम, ही सगळी वाचा. लोकांना नक्की काय आवडलं, ते एका पानात लिहून द्या. शनिवारी मीटिंग आहे. पत्रांत दम असेल तर मी वर भांडतो. लोणारेंचा करार अजून पाच आठवडे शिल्लक आहे."

"हो सर."

"आणि नीट तपासा. वरचे लोक एकेक ओळ तपासतील."

तपासायला माझ्याकडे क्यू-शीट होतं. क्यू-शीट म्हणजे त्या दिवशीच्या कार्यक्रमाचा कागद. कोण आलं, विषय काय, किती मिनिटं, एवढं त्यावर असतं. मी पहिलं पत्र उघडलं. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातल्या सुखदेव डोंगरे नावाच्या ऑपरेटरचं. ‘ज्या दिवशी ओझ्याचा विषय होता त्या दिवशी कोळसा प्लांटवाल्याने सांगितले की तो मेलेल्या भावाच्या पोरींचे ओझे उचलतो. अख्खी शिफ्ट चहा विसरली. असा कार्यक्रम बंद करू नये.’

ओझ्याच्या दिवसाचं क्यू-शीट काढलं. पाहुणा एकच, संत्रा मंडीतला हमाल महादेव. कोळसा प्लांटवाला कुणीच नाही.

दुसरं पत्र हुडकेश्वरहून, एका बाईचं. दिवस तोच. ‘सासूला रोज उचलून आंघोळीला नेणारी ती सून फार खरे बोलली. तिला पुन्हा आणा.’ तिसरं इतवारीतल्या एका दुकानदाराचं. त्याला त्याच दिवशी एका बापाने मुलाबद्दल काढलेले उद्गार आठवत होते. महादेव हमालाबद्दल तिघांनीही चांगलं लिहिलं होतं, ते क्यू-शीटशी जुळत होतं. बाकीची माणसं आली कुठून?

संध्याकाळपर्यंत एकतीस पत्रांतून मला जवळपास चाळीस माणसं सापडली. स्टुडिओचा उंबरा त्यांच्यापैकी एकानेही ओलांडलेला नव्हता. माझं डोकं चालेना. मी स्वतः रोज पहाटे ड्यूटी रूममध्ये बसून हा कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला होता. तेच माझं काम होतं. प्रसारण ऐकायचं आणि लॉगबुकमध्ये नोंदी करायच्या.

आमच्या सीनियर निवेदिका कुसुमताई मागून आल्या.

"काहून गा मेश्राम, पत्रं वाचून राहिला का पंचांग? तोंड पाह्य कसं झालं."

मी त्यांना तिन्ही पत्रं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला.

"हे लोणारेचे दोस्त असतील. कंडक्टर माणूस, दर थांब्यावर ओळख. सांगितलं असंल, लिहा रे बाबू दोन ओळी. ऐकलं कोणीच नाही, लिहिलं मात्र सगळ्यायनं."

"पण अक्षरं वेगवेगळी आहेत, ताई."

"मंग दोस्तही वेगवेगळे असतील ना गा!"

त्या हसत गेल्या, पण माझ्या मनात ते रुतलं. पत्रं खोटी असतील तर ती वर पाठवणं म्हणजे पाठकसाहेबांना तोंडघशी पाडणं. खरी असतील तर मी रोज पहाटे काय ऐकत होतो?

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुसुमताईंना दाखवली नाही. माझ्या खिशात गुरुजींचं पोस्टकार्ड होतं. तीन आठवड्यांपूर्वीचं. ‘तुमचा पहाटेचा कार्यक्रम रोज ऐकतो. परवा त्यात मीही बोललो. बरे वाटले.’ गुरुजी कळमेश्वर सोडून कुठे गेलेले नव्हते. ते वाचून मला वाटलं होतं, गुरुजींची स्मृती चालली. काय लिहावं हे न कळल्यामुळे मी उत्तरच दिलं नव्हतं. आता तेच पोस्टकार्ड बत्तिसावं पत्र होऊन बसलं होतं.

गुरुवारी सुट्टी टाकली आणि बसने खापरखेड्याला गेलो. सुखदेव डोंगरे कॅन्टीनमध्ये भेटले. जाडजूड माणूस, हातात चहाचा ग्लास. मी रेडिओतून आलो म्हटल्यावर त्यांनी बाकावरची जागा पुसली.

"बसा जी, बसा. चालू करून राहिले काय पुन्हा?"

"त्यासाठीच आलो. तुम्ही लिहिलंय, कोळसा प्लांटमधला माणूस कार्यक्रमात बोलला. तो कोण?"

"कोण म्हणजे? आपला भीमराव." त्यांनी मागे वळून हाक मारली. "ए भीम्या! इकडं ये गा. रेडिओवाले साहेब तुले पाह्याले आले."

काळ्या पडलेल्या हातांचा एक सडपातळ माणूस संकोचत येऊन उभा राहिला.

"तुम्ही रेडिओवर बोललात?" मी विचारलं.

"हाव जी."

"स्टुडिओत आला होता?"

"नाई. इथंच होतो. या बाकावर."

"मग रेडिओवर कसे बोललात?"

भीमराव गोंधळून डोंगरेंकडे पाहू लागला. डोंगरे माझ्याकडे असे पाहत होते, की गोंधळलेला मीच असावा.

"आता काय सांगावं तुमाले," ते म्हणाले. "रात्रपाळी सुटाच्या टायमाले आमी सारे इथं चहा घेतो. रेडिओ चालू राह्यते. त्या दिवशी तो हमाल बोलला. मंग लोणारेभाऊ म्हणाले, ‘तुमी कोणाचं ओझं उचलता जी?’ अन् चूप झाले. कोणी विचारलं तर उत्तर द्या लागते ना? तर हा बोलला. चार वर्षं झाले याचा भाऊ मरून, हा त्याचं नाव नव्हता काढत. त्या दिवशी म्हणे, भावाच्या दोन पोरी हायेत माह्याकडे, त्यायचं. बस, एवढंच."

"अन् मी बोललो तर रेडिओतून ते म्हणाले, ‘बरं झालं सांगितलं जी,’" भीमराव खाली पाहत म्हणाला. "त्यायनं ऐकलं म्हणून तर म्हणाले ना साहेब?"

‘बरं झालं सांगितलं जी.’ हे वाक्य मला पाठ होतं. रोज यायचं. लोणारे काहीतरी विचारायचे, मग काहीच ऐकू यायचं नाही, मग एकदम हे वाक्य. कुणी काय सांगितलं, ते मला कधीच कळलं नव्हतं. मला वाटायचं, नवीन माणूस आहे, पुढचा शब्द सापडत नसेल, वेळ मारून नेतो.

परतीच्या बसमध्ये मला त्या मधल्या ‘काहीच नाही’ची लॉगबुकातली नोंद आठवली.

आमच्याकडे नियम असा की आठ सेकंदांपेक्षा जास्त शांतता झाली तर लॉगबुकमध्ये नोंद करायचीच. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड. नोंदीच्या रकान्यात दोनच पर्याय, ‘ट्रान्समीटर’ किंवा ‘स्टुडिओ’. ट्रान्समीटर तर चालू असायचा. म्हणून मी रोज प्रामाणिकपणे लिहीत होतो: ‘ध्वनी नाही, बारा सेकंद, बिघाड स्टुडिओ.’ जेवढं ऐकलं तेवढंच. या नोंदींचा महिन्याचा तक्ता वर जात असे. तो कोण पाहतं, हे मला माहीतही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी लॉगबुक आणि पत्रं शेजारी ठेवून बसलो. पत्रात ज्या ज्या दिवसाची खूण सापडत होती, त्या दिवशी माझ्या अक्षरात बारा सेकंदांची नोंद होती. काही दिवशी दोनदा. वरचे लोक ज्याला खराब गुणवत्ता म्हणत होते, ती ही.

दुपारी लोणारेंच्या घरी गेलो आणि विचारलं, "तुम्ही मध्येच थांबत का होता?"

ते हसले. "थांबू नाही तर काय करू? कंडक्टरनं विचारलं, कुठं जाता? मंग पॅसिंजर सांगेपर्यंत थांबतो ना जी. उत्तराच्या आधी तिकीट फाडते काय कोणी?"

"हे कुणाला सांगितलं होतं?"

"याच्यात सांगाचं काय हाये?"

मी त्यांना लॉगबुकचं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. माझ्याकडे घड्याळ होतं, पण मी पाहिलं नाही.

"कोणाचं अक्षर हाये ते?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"बरं झालं सांगितलं जी," ते म्हणाले आणि आत पाणी आणायला गेले.

शनिवारी सकाळी मी पान पाठकसाहेबांपुढे ठेवलं. त्यात सगळं होतं. भीमराव, बारा सेकंद, माझ्या नोंदी. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"तुमचं प्रोबेशन कधी संपतं?"

"दोन महिन्यांनी, सर."

"मग हे लेखी कशाला दिलंत? तोंडी सांगितलं असतंत तर मीच काहीतरी मांडलं असतं."

"वर कागद लागेल, सर. नोंदी कागदावर आहेत."

त्यांनी पान फाइलमध्ये लावलं. मीटिंगमध्ये ते खरोखर भांडले, असं मला नंतर कुसुमताईंनी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या ‘दोस्त’ या शब्दाबद्दल काही म्हटलं नाही, पण त्या दिवशी माझा चहा त्यांनी पाठवला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ‘श्रोत्यांच्या पत्रांतील मजकूर प्रत्यक्ष प्रसारित मजकुराशी जुळत नाही, सबब पत्रे ग्राह्य धरता येत नाहीत.’ पहाटेची ती वेळ तोवर शेतीसल्ल्याला दिली गेली होती. लोणारे पुन्हा बसवर गेले. करार संपेपर्यंतही त्यांना माइक मिळाला नाही. माझं प्रोबेशन सहा महिने वाढलं. लॉगबुकच्या त्या रकान्यात मात्र एक तिसरा पर्याय आला, ‘हेतुपूर्वक शांतता’. निवृत्त होईपर्यंत मी तो चार वेळा लिहिला. प्रत्येक वेळी आधी स्टुडिओत जाऊन विचारलं. एवढं त्या सात आठवड्यांत केलं असतं तर? विचारायला बारा सेकंदही लागले नसते.

वरचं उत्तर आलं त्याच दिवशी मी गुरुजींना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती इथे देतो.

‘ती. गुरुजींना सा. न. वि. वि.

तुमच्या पोस्टकार्डाला उत्तर द्यायला उशीर केला, माफ करा. कारण लाजिरवाणे आहे. तुम्ही लिहिले होते की कार्यक्रमात तुम्हीही बोललात. मला वाटले, वयामुळे तुमचा गोंधळ होत असावा. गोंधळ माझा होता.

तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी जेवढे ऐकले तेवढेच लिहिले. त्यामुळे एका चांगल्या माणसाचे काम गेले. तुमचा नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. त्याच नियमाने मला पोटापाण्याला लावले. पण जे मला ऐकू आले नाही ते दुसऱ्या कुणाला ऐकू येत असेल, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. लोणारेंकडे जाऊन चूक सांगितली. साहेबांना लेखी दिली. कार्यक्रम परत आला नाही.

तुम्ही बोललात तो दिवस मी पोस्टकार्डाच्या तारखेवरून लॉगबुकमध्ये शोधला. मला आठवते, त्या दिवशी लोणारेंनी विचारले होते, "तुमाले कोणाची वाट पाह्याची सवय हाये जी?" त्यापुढे माझ्या अक्षरात लिहिले आहे, ध्वनी नाही.

गुरुजी, तुम्ही काय म्हणालात ते मला कळवा. उत्तराला वेळ लागला तरी चालेल. मी थांबतो.

तुमचा विद्यार्थी,
मेश्राम’