लुगड्यावर लुगडं फ्री

आत्या पहाटे गेली आणि तिला नेलं दिवस मावळताना. मधला सगळा वेळ माझ्या मोबाईलने खाल्ला.

मोबाईल तसा चांगला आहे. दोष मालकात आहे. मी नगरला एका शाळेत गणित शिकवतो, आणि आमच्या रस्त्यावर 'महाबचत बाजार' नावाचं तीन मजली दुकान उघडल्यापासून घरीही गणितंच करतो. त्या दुकानाचं स्वतःचं अ‍ॅप आहे. त्यात आधी पैसे भरून ठेवायचे, खरेदीच्या वेळी त्यातूनच द्यायचे, की प्रत्येक वस्तूवर सूट! अट एकच (बारीक अक्षरात होती, म्हणून मी तिला अट मानली नव्हती): भरलेले पैसे फक्त त्याच दुकानात चालतात आणि परत मिळत नाहीत.

"अहो, भाजीवाली, दूधवाला, रिक्षावाला, सगळ्यांकडे तो एकच स्कॅनर चालतो की," आमची ही, म्हणजे सुनंदा, म्हणाली होती. "मग हे वेगळं झेंगट कशाला?"

"त्या स्कॅनरवर पैसे नुसते जातात!"

"आणि ह्यात?"

"ह्यात राहतात!"

राहिले. चांगलेच राहिले. पगाराच्या दिवशी 'सुवर्ण सदस्य' होण्यासाठी खात्यात होतं नव्हतं ते मी अ‍ॅपात ओतलं. थोडे कमी पडले, तेव्हा सुनंदाच्या डाळीच्या डब्यातली रोकडही तिला न सांगता काउंटरवर नेऊन भरली. आणि दुसऱ्याच दिवशी उजाडायच्या आत पारनेरकडच्या गावाहून आतेभावाचा फोन आला.

"दादा, आई गेली रं," बाळू म्हणाला.

मी पलंगावर बसूनच राहिलो. वडील गेल्यावर मला अरे-तुरे करून हक्काने झापणारी ती एकटीच उरली होती. बाळू रडत रडतच पुढचं बोलला, "माहेरचं लुगडं तुलाच आनायचंय. हिरवं आन. त्याच्याबिगर उचलायचं न्हाई म्हनत्यात तात्या."

तात्या म्हणजे आत्याचे यजमान. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि आत्याचं माहेर म्हणजे आता फक्त मी. दुसरं कुणी आणलेलं चालत नाही. मी आणि सुनंदा मोटारसायकलवर बसलो आणि ओळखीच्या कापड दुकानदाराला घरातून उठवून शटर उघडायला लावलं. त्याने बिचाऱ्याने काही न विचारता हिरवंगार काठापदराचं लुगडं काढून दिलं. मी ऐटीत स्कॅन केलं. मोबाईल म्हणाला, खात्यात पुरेसे पैसे नाहीत.

"थांबा, दुसरं अ‍ॅप आहे," मी म्हणालो आणि महाबचत उघडून त्याच्यापुढे धरलं.

"मास्तर, हे माझ्याकडं कसं चालंल? हे त्यांच्या दुकानाचं आहे."

"बरं, मग संध्याकाळी आणून देतो."

त्याने हात जोडले. "एरवी आख्खं दुकान घेऊन जा. पण मयताचं कापड उधार द्यायचं नाही अन् उसन्या पैशानंही न्यायचं नाही. गेलेल्या जीवावर ऋण राहतं."

"अहो, डाळीच्या डब्यातले आहेत ना!" सुनंदा म्हणाली.

मी हातातल्या मोबाईलकडे बघितलं. तिला कळलं आणि ती मुकाट मोटारसायकलपाशी जाऊन उभी राहिली. (ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.)

महाबचत दहाला उघडलं. महिन्याची सुरुवात असल्यामुळे आत ही झुंबड! साड्या तिसऱ्या मजल्यावर, मिक्सर आणि फरशी पुसायच्या दांड्यांच्या मध्ये. हिरवी म्हणावी अशी एकच निघाली. पोपटी, अंगभर टिकल्या लावलेली, आणि वर पाटी: एकावर एक फ्री!

रांगेत तासभर गेला. आमचा नंबर आला तेव्हा अ‍ॅपने सांगितलं, आधी नवीन आवृत्ती उतरवून घ्या. गोल चक्र फिरायला लागलं. काउंटरवरच्या मुलीने आम्हाला बाजूला उभं केलं. तेवढ्यात बाळूचा फोन.

"दादा, कुठवर आला?"

"रांगेत आहे."

"कसली रांग?"

"साडीची. अ‍ॅप चालू होतंय."

"आरं, ऊन चढलंय! आईला अशी किती येळ ठेवायची?" त्याचा आवाज फाटला. "दादा, फोनवरनं पैसे टाक अन् नीघ की. हितं तर सरपनवाल्यानं बी स्कॅनर लावलाय!"

माझी आत्या उन्हात दारी पडून होती आणि मी सूट मिळण्याची वाट बघत होतो. मला त्या चक्राकडे बघून ढसाढसा रडावंसं वाटत होतं, आणि वरून दुकानातला आवाज सांगत होता, "हसत या, वाचवून जा!"

ते चक्र थांबायला दुपार झाली. मग ती मुलगी म्हणाली, "सर, दुसरी साडी घ्या."

"एकच हवी."

"एकाचं बिल होत नाही. दोन्हींचा बारकोड लागतो."

"मग दुसरी इथंच ठेवा!"

"बिलात दोन आणि हातात एक, तर वॉचमन सोडणार नाही सर."

"ताई, मयतासाठी न्यायची आहे हो!"

ती बिचारी गोरीमोरी झाली. पण सिस्टिमला सुतक नसतं. तिने दोन्ही साड्या एका पिशवीत घातल्या आणि सवयीने म्हणाली, "पुन्हा या!"

"दुसरी गाडीलाच अडकवून ठेवा बरं का," सुनंदाने वाटेत मला बजावलं. मी हो म्हणालो. पण गावात शिरलो तेव्हा सगळी आळी माझ्याकडे वळून बघत होती. दारात आत्या होती. चेहरा एवढासा झालेला, कपाळभर मळवट. मला काही सुधरलं नाही. मी आख्खी पिशवीच भावकीतल्या भागूबाईच्या हातात दिली.

म्हाताऱ्या भागूबाईने एक साडी काढली. मग दुसरी काढली. रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या.

"मास्तर," ती म्हणाली, "ही दुसरी कुनासाठी रं बाबा?"

बायका चार पावलं मागे सरकल्या. एका आजीबाईने तर खोकलासुद्धा गिळला!

"कुणासाठी नाही," मी घाईने म्हणालो. "ती फुकट मिळाली."

हे बोललो नसतो तर बरं झालं असतं. आता भावकीतले पुरुष पुढे आले. माहेरचं लुगडं फुकटचं कसं चालेल? मग ह्यातलं पैशाचं कोणतं? बाळूने माझ्याकडून बिल घेतलं आणि डोक्याला हात लावला. सिस्टिमने किंमत दोन्हींवर निम्मी निम्मी वाटली होती.

"म्हंजी दोन्ही अर्धी फुकटचीच की!" कुणीतरी म्हणालं.

"दोन मिळून एक विकतचं होतं," मी म्हणालो. आयुष्यात माझं गणित इतक्या लोकांनी इतक्या शांततेत कधी ऐकलं नव्हतं. दिवस कलत होता. आता आत्या माहेरच्या कापडाशिवायच जाणार होती, आणि तेही माझ्यामुळे.

तेव्हा सकाळपासून भिंतीला टेकून बसलेले तात्या उठले.

"नेसवा एक," ते म्हणाले, "अन् दुसरं वर पांघरा. जल्मभर म्हनायची, माझ्या माहेरनं कवा धड एक लुगडं दिलं न्हाई. आज दोन घिऊन चालली." बोलता बोलता त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता ते खाली कोसळून लहान पोरासारखे रडले. आम्ही सगळेच रडलो. मावळतीच्या उन्हात टिकल्या चमचम करत होत्या. आत्या तशी कधीच नटली नव्हती.

सगळं उरकून निघताना भागूबाईने मला गोठ्याच्या आडोशाला बोलावलं. तिचा मालक अजून आहे, पण अंथरुणाला खिळलेला. माहेरी मात्र कुणीच उरलेलं नाही, ना भाऊ, ना भाचा.

"मास्तर, माझ्या येळंला तू आनशील का रं लुगडं?" तिने माझा हात घट्ट धरला. "दोन नगं. एकच आन. टिकल्याचं नगं. अन् त्ये तुझं फोनाचं दुकान सोडून कुठनं बी आन."

मी मान हलवली. रिकामं खातं, पोटभर भरलेलं अ‍ॅप, रुसलेली बायको, आणि परतीच्या पेट्रोलसाठी सुतकातल्या आतेभावाकडून घेतलेली उसनी नोट, एवढी माझी इस्टेट. असल्या माणसाला तिने भाऊ मानलं! तिच्या माहेरी खरोखरच कुणी उरलेलं नाही, याची मला तेव्हा पुरती खात्री पटली.