घर समोर, आम्ही गाडीत

शिरवळला चहाला थांबलो तेव्हा मी ह्यांच्याकडून पुन्हा एकदा कबूल करून घेतलं, की घरी पोचलो की गाडी विकायची.

"विकायची म्हणलोय न्हवं मी?" हे म्हणाले आणि कपातल्या चहाकडे असं बघत बसले जणू मीच काही वाईट बातमी सांगितली होती. शिरवळच्या एका कारखान्यातला माणूस तिथेच आम्हाला भेटला. गाडीच्या आत-बाहेर फिरला, खाली वाकून बघितलं आणि शुक्रवारी गावी येऊन गाडी घेऊन जातो म्हणाला. माझ्या जिवाला तेवढंच बरं वाटलं.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. हे लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन उसात राबायला लागले, पण पाय काही स्वस्थ बसेनात. शेवटी ही बस घेतली आणि कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन आतली बाकं काढून टाकली. पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, पडद्याआड संडास आणि अंघोळीपुरती जागा, असा सगळा संसार त्यात बसवला. 'खिडकीतून हात बाहेर काढू नये' ही सूचना तेवढी तशीच राहिली. दिवाळी झाल्यावर निघालो. राजस्थान, पंजाब, हे जिथं जिथं नोकरीला होते ती सगळी गावं झाली, आणि परतताना काशी.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी खूश होते. वाळवंट बघितलं, बर्फ बघितला, आयुष्यभर अंगणवाडीतल्या पोरांना चित्रात दाखवला तो उंट प्रत्यक्षात किती घाण वास मारतो तेही कळलं. पण पुढं पुढं माझं डोकं फिरायला लागलं. एकानं कूस बदलायची तर दुसऱ्याला उठवावं लागे. वळण आलं की आमटी एका बाजूला जाई. रोज सकाळी नवी जागा आणि रोज तोच प्रश्न, आज पाणी कुठं भरायचं? मी वडूजची, दुष्काळी भागातली. पाणी जपून वापरायला मला कुणी शिकवायला नको. तरी तांब्यातांब्याने अंघोळ करून मी कावले होते. मला माझं घर पाहिजे होतं. माझी न्हाणी, माझा ओटा आणि जिथं हात पसरले तर कुठं काही आपटत नाही अशी एक खोली.

आणि घर जसं जवळ येत होतं तशी ह्यांची गाडी हळू होत होती. खंबाटकी उतरल्यावर टायर तपासायला थांबले. साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला थांबले. कराडात म्हणाले, "संगमावर जरा बसूया की." आयुष्यभर शेजारी वाहणारी कृष्णा ह्यांना आत्ताच बघायची होती. मी म्हणाले, "आवं, तिकडं नदी दारातच हाय. चला मुकाट्यानं."

तेवढ्यात फोन वाजला. माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. आमची घरं शेजारीशेजारी, मध्ये एक कुंपणाची मेंदी. आम्ही नव्हतो तेव्हा आमच्या घराची किल्ली आणि आमची म्हैस त्यांच्याच ताब्यात होती. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"भाऊजी, कुठवर आलाय?"

"कराडात हाय, वैनी. दुपारच्या आत घरात."

"घरात नगा येऊ. वेशीवर मारुतीच्या देवळापाशी थांबा."

"का वो?"

"का म्हंजे? काशी करून आलाय न्हवं? मावंदं झाल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई. गुरुजींनी गुरवारचा दिवस सांगितलाय."

आमच्याकडे काशीहून आलेला माणूस तडक घरात शिरत नाही. तो गावाबाहेर थांबतो. मग गाव वाजतगाजत त्याला आणायला जातं, दारोदारी त्याच्या पायांवर पाणी घालतं, गंगेच्या पाण्याची पूजा होते, पुरणपोळीचं जेवण होतं. ते मावंदं. हल्ली बरेच जण रेल्वेने गुपचूप जाऊन गुपचूप येतात आणि कुणी विचारत नाही. पण आमच्या ह्यांनी काशीच्या घाटावरून गावात सगळ्यांना फोन लावले होते. निम्मं आयुष्य लष्करात गेल्यामुळं रीत विसरले आणि बढाई तेवढी लक्षात राहिली.

आणि तो दिवस होता सोमवार. मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. ह्यांनी तोंड पाडलं होतं, पण मिशीच्या आत हसू होतं ते मला दिसलं.

मारुतीच्या देवळापुढं गाडी लावली. ऊस तुटून गेलेला, त्यामुळं मोकळ्या रानापलीकडं आमचं घर स्वच्छ दिसत होतं. माझी तुळस, माझी कपड्यांची दोरी. सकाळी उठून बघते तर माझ्या न्हाणीच्या धुराड्यातून धूर. म्हणजे माझ्या बंबात थोरल्या दिरांच्या अंघोळीचं पाणी तापत होतं आणि मी इथं तांब्या घेऊन बसले होते. त्या धुराकडे बघून मला जो संताप आला तो सांगायची सोय नाही.

ह्यांची मात्र चैन झाली. सगळा गाव गाडी बघायला येऊन गेला आणि प्रत्येकाला ह्यांनी पलंग उचलून खालचं सामान दाखवलं. जाऊबाई दोन्ही वेळा धारा काढून झाल्या की डबा घेऊन येत. यायच्या, पलंगाच्या कडेला टेकायच्या आणि विचारायच्या. झोपता कुठल्या अंगाला? वारा येतोय का? रातीचं जायला लागलं तर? गाडीत पोट ढवळतंय का गं? मला वाटलं, माझा संसार तपासतायत. लग्न झाल्यापासून त्या तो तपासतच आल्या आहेत. मी तुटक उत्तरं देत राहिले.

बुधवारी मात्र मला राहवेना. "आक्का, नुसती न्हाऊन परत येते. कुणाला कळणार न्हाई."

"देवाला कळंल की," त्या म्हणाल्या. "लय घाई झालीया तुला घराची. मला बघ, नांदाय आल्यापास्नं घरातच हाय मी." आणि खळखळून हसल्या. मीही हसले.

गुरुवारी हलगी आली, बँड आला. ह्यांना फेटा बांधला, माझ्या हातात गंगेच्या पाण्याचा गडू दिला. दारोदारी बायका पायांवर पाणी घालत होत्या. ज्या पोरी माझ्या अंगणवाडीत नाक पुसून घ्यायला यायच्या त्याही वाकत होत्या. मला लाज वाटत होती आणि खोटं नाही, आवडतही होतं. असं करत आमच्या उंबऱ्याशी आलो. तिथं तांब्या घेऊन जाऊबाई उभ्या होत्या.

त्या गुडघ्यांवर हात देत खाली बसल्या. मी पाय मागं घेतला. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या पाया पडत आले होते. "आक्का, तुमी नका."

"गप उभी ऱ्हा. तुज्यासाठी न्हाई घालत, काशीला जाऊन आल्याल्या पायांवर घालतीया."

आणि त्यांनी माझे पाय धुतले. इतरांसारखं वरवर पाणी नाही, धार काढण्याआधी म्हशीची कास धुतात तसं निगुतीनं. मग मान वर न करता, बँडच्या आवाजात मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "गंगा केवढी हाय गं? आपल्या कृष्णामाईएवढी?"

तीन दिवस मी सगळ्या गावाला उंटाचा वास सांगत होते. रोज दोन वेळा माझ्यासाठी डबा आणणाऱ्या बाईला गंगा केवढी आहे ते मी सांगितलं नव्हतं. झोपता कुठल्या अंगाला, वारा येतोय का, हे त्या का विचारत होत्या ते मला आत्ता कळलं. आमचं फिरणं झालं ते दोन्ही घरच्या म्हशींच्या धारा त्या काढत होत्या म्हणून. मला एकदम रडू आलं.

"तुमीच बघून या की, आक्का," मी म्हणाले. "हे न्हेतील तुमाला आन् थोरल्या भाऊजींना. हे झोपतील पुढं ड्रायव्हरच्या शिटावर. मी काय आता घर सोडत न्हाई. म्हशी मी बघते, दोनी घरच्या."

हे फेटा सावरत म्हणाले, "आगं पण उद्या तो शिरवळचा..."

"त्याला आत्ता फोन लावा आन् येऊ नको म्हणावं."

मला वाटलं, आता जाऊबाई म्हणतील, या वयात कुठं गं, गुडघे दुखतात, लोक काय म्हणतील. त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतलं, पदराला हात पुसले आणि मला धरून उठल्या.

"दिवाळी झाली की लगीच निघायचं," त्या म्हणाल्या. "तवा आमची थोरली म्हस आटल्याली असती आन् उसाला तोड आल्याली नसती. आन् भाऊजी, खिडकीकडच्या अंगाला मी झोपनार."