पुढच्याचा हात

धम्मपाल रामटेके दिल्लीत एकतीस वर्षं राहिला, आणि या एकतीस वर्षांत त्याने कुणाचं वाकडं केलं असं त्याच्या शत्रूनेही म्हटलं नसतं. शत्रू नव्हताच म्हणा. भंडाऱ्याहून आला, केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून चिकटला आणि घासत घासत सेक्शन ऑफिसर झाला. त्याची सही बघितली की वरचे साहेब फाइल उघडायचीही तसदी घेत नसत. स्वतः मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय तो पेनाचं टोपण काढायचा नाही. या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. माणसाला कशाचा तरी हवाच ना!

पन्नाशीत रक्तात साखर निघाली. डॉक्टर चाला म्हणाले, तर या गड्याने सायकल घेतली. नोएडात त्याच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जयंत पेंडसे राहायचा, तोही सरकारी नोकर, आकडेवारीच्या खात्यातला. एक गप्प, दुसऱ्याचं तोंड मिटत नाही, पण जोडी जमली. दर रविवारी सकाळी सहाला दोघं निघायचे. कधी आणखी तिघं-चौघं असत, बहुतेक वेळा दोघंच. हिंडन नदी ओलांडली की तासाभरात टॉवर संपतात. मग मोहरी, मग उसाचे फड, धुरकटलेली गुऱ्हाळं, आणि मधूनच एखादं जुनं गाव, पातळ विटांच्या पडक्या वेशीचं, कचऱ्याने बुजलेल्या बावडीचं. दिल्लीत जन्म काढलेल्या माणसालाही ही गावं माहीत नसतात. धम्मपालला त्यांतल्या गल्ल्या पाठ होत्या.

जाफरखेडा हा त्यांचा शेवटचा मुक्काम. तिथे इलमचंद नावाचा शेतकरी होता. ऊस पिकवायचा, रस काढायचा आणि त्याचा सिरका करायचा. भिंतीला लागून त्याचे चाळीसेक माठ, तोंडाला फडकी बांधलेले. वर्षभर उन्हात ठेवले की रस आंबून सिरका होतो. दर हंगामात जुन्यातला थोडा सिरका विरजणासारखा नव्या रसात घालायचा. हे विरजण त्याच्या आजोबांपासून चालत आलेलं. इलमचंद दोघांना खाटेवर बसवायचा, ताज्या रसाचे ग्लास द्यायचा आणि निघताना सिरक्याची बाटली जयंतच्या कॅरिअरला बांधायचा. बिल्डिंगमधली सगळी मराठी घरं त्या सिरक्यातला कांदा खायची.

आता सायकलवाल्यांचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ओळीने जाताना रस्ता पुढचा बघतो. खड्डा असला तर बोट दाखवायचं, थांबायचं असलं तर मूठ, आणि रस्ता मोकळा असला की हात वर करून पुढे फेकायचा. मागच्याने शंका घ्यायची नाही, हात बघायचा आणि पॅडल मारायचं. पुढे कायम धम्मपाल. जयंत मागे खाली मान घालून नाट्यगीतं म्हणत यायचा. ‘माझा विमा तुझ्या हातावर उतरवलाय रे,’ असं तो चारचौघांत चिडवायचा, आणि धम्मपाल वरवर वैतागायचा. आतून सुखावायचा.

पण दोन वर्षांपासून धम्मपालच्या डोळ्यांत काहीतरी बिनसलं होतं. चहाचा कप कोपराने सांडायचा. मेट्रोत माणसं एकदम बाजूने उगवल्यासारखी यायची. शेवटी तो एकटाच सरकारी दवाखान्यात गेला. तिथे एका यंत्रात डोकं घालून बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाले. ठिपके येईनात, तेव्हा या शहाण्याने अंदाजाने दाबायला सुरुवात केली. यंत्र काही फसलं नाही. कागदावर मधे चांदीच्या रुपयाएवढं पांढरं आणि भोवती सगळं काळं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. कडेची नजर गेलीय, परत यायची नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब घाला, आणि आजपासून सायकल, स्कूटर बंद.

त्याने तो कागद घडी करून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. थेंब घरी आणले, बायकोला, शीलाला, सांगितलं, डोळे कोरडे पडतात म्हणून दिलेत. का लपवलं? आपण त्याला मूर्ख म्हणू शकतो, आणि मूर्खपणाच होता तो. पण त्याच्या जागी बसून बघा. रविवार गेला की उरलं काय? बाल्कनीत बसून पेन्शनची वाट बघणारा म्हातारा. आणि मागून जाणं? ज्याच्या हातावर लोक डोळे मिटून विसंबले, त्याने आता दुसऱ्याचा हात बघत जायचं? ते त्याला सोसवेना. मान जरा जास्त वळवायची, झालं, असं त्याने स्वतःला समजावलं. वर्षभर ते निभलंही.

गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत, एका रविवारी दोघंच होते. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. जाफरखेड्याच्या वेशीत उजवीकडून एक कच्ची वाट येऊन मिळते. धम्मपालने वेशीपाशी वेग कमी केला, उजवीकडे मान वळवली, त्याला भिंत दिसली आणि ऊन दिसलं. त्याने हात वर केला आणि पुढे फेकला. तो निघून गेला. मागे नाट्यगीत अर्ध्यात तुटलं.

उसाने भरलेली ट्रॉली होती, आणि ट्रॅक्टरवर इलमचंद. उडी मारून तोच आधी धावला. डोक्याचं पागोटं सोडून त्याने जयंतचं डोकं बांधलं, त्यानेच रस्त्यावरची गाडी अडवली, आणि गाझियाबादच्या दवाखान्यापर्यंत जयंतचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं. दुपारी दोनला जयंत गेला.

पोलिसाने धम्मपालला विचारलं, ट्रॅक्टर कसा आला. धम्मपाल म्हणाला, ‘तेज़ था.’ बस, दोन शब्द. असं का बोललो हे त्याला पुढे कितीदा विचारून सापडलं नाही. सापडलं नाही असं तरी तो म्हणायचा. मग पोलिसाने दोन पानं भरून जबाब लिहिला आणि पुढे केला. उभ्या आयुष्यात न वाचता सही न केलेल्या माणसाने तिथे न वाचता सही केली.

इलमचंदला चार दिवसांनी जामीन मिळाला, पण ट्रॅक्टरच्या विम्याची मुदत संपलेली, म्हणून ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारात अडकून पडला. ऊस शेतात वाळला. इकडे बिल्डिंगमध्ये ट्रॅक्टरवाल्यांच्या नावाने बोटं मोडली जात होती. जयंतची बायको मीनाक्षी रडायची नाही, संतापायची. ज्याला आम्ही दिवाळीचा फराळ पाठवला त्याने माझा माणूस चिरडला, हे ती येईल त्याला सांगायची. घरातल्या सिरक्याच्या तीन बाटल्या तिने मोरीत ओतल्या. तो वास जिन्यात आठवडाभर होता. त्या माणसाला शिक्षा झाली की मी झोपेन, असं ती म्हणायची, आणि धम्मपाल समोर बसून मान हलवायचा. लाज वाटत होती, खूप वाटत होती. पण लाजेने कुणाचं तोंड उघडलंय?

सायकल त्याने जिन्याखाली कुलूप लावून ठेवली. दुःखाने सोडली असं सगळ्यांना वाटलं, आणि त्याने वाटू दिलं.

दीड वर्षाने कोर्टाचं समन्स आलं. शीलाने ते घेतलं, वाचलं आणि टेबलावर ठेवलं. एवढ्या दिवसांत तिने त्याला पाण्याच्या ग्लासासाठी टेबल चाचपडताना बघितलं होतं, उंबऱ्याला अडखळताना बघितलं होतं. बाई काय आंधळी होती? ती त्याच्यासमोर बसली.

‘अहो, तो ट्रॅक्टर तुम्हाला दिसला होता का?’

धम्मपालने समन्सची घडी घातली. मग म्हणाला, ‘नाही.’

‘मग वेगात होता, हे कशावरून सांगितलंत?’

त्याने सगळं सांगितलं, यंत्र, ठिपके, ड्रॉवर, हात. शीला ओरडली नाही. तिसऱ्या मजल्यावर आधी जाऊन या, कोर्टात मग, एवढंच ती म्हणाली.

मीनाक्षी घेवडा निवडत होती. तिने त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला आणि उभ्या उभ्याच बोलला, कारण बसलो तर बोलणार नाही हे त्याला ठाऊक होतं. इलमचंदचा ट्रॅक्टर हळू होता की जोरात, मला माहीत नाही. मला दिसलाच नाही. मला कडेचं दिसत नाही, तेव्हाही दिसत नव्हतं. रस्ता मोकळा आहे असा हात मी केला, वहिनी.

मीनाक्षीचे हात शेंगांवर थांबले. ‘यांना माहीत होतं? तुम्हाला दिसत नाही ते?’

‘नाही.’

‘म्हणजे माहीत असतं तर यांनी मान वर केली असती.’

‘हो.’

तिने पुन्हा शेंगा मोडायला घेतल्या. दोन-तीन मोडल्या. मग शांतपणे म्हणाली, ‘भावजी, आता या घरात येऊ नका.’ तो जिना उतरला, कठडा धरून, एकेक पायरी पायाने शोधत.

कोर्टात त्याने तेच सांगितलं. सरकारी वकील आधी चकित झाला, मग भडकला. पोलिसांना वेगळं आणि आता वेगळं? गावाकडून काही मिळालं का? दवाखान्याचा कागद धम्मपालने पुढे केला, तर तारीख बघून वकील म्हणाला, म्हणजे तुम्ही जाणूनबुजून सायकल चालवत होतात. धम्मपाल हो म्हणाला. आणि गंमत बघा, या प्रकरणात तो पहिल्यांदा खरं बोलला त्या दिवशी कोर्टाच्या कागदावर त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं, फितूर साक्षीदार. या वेळी त्याने चष्मा लावला, कागद डोळ्यांपुढे सरकवत ओळ न् ओळ वाचली, आणि सही केली.

बाहेर फाटकापाशी इलमचंद उभा होता. वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. धम्मपालने हात जोडले. इलमचंदने जोडले नाहीत. दोन हंगाम नवा रस पडला नाही, मटके सुकून गेले, असं तो सांगत होता, आवाज न चढवता. आजोबांचं विरजण संपलं. आता उसाचा रस कितीही आणा, तो सिरका व्हायचा नाही.

‘बाबूजी, यही बात उस दिन बोल देते.’

धम्मपालला म्हणायचं होतं पुष्कळ. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. इलमचंद वळून चालू लागला.

रस्त्यापलीकडे मेट्रोकडे जाणाऱ्या रिक्षा होत्या. धम्मपालने फुटपाथची कड पायाने शोधली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पाऊल टाकलं आणि करकचून ब्रेक लागल्यावर मागे घेतलं. असं दोनदा झालं. इलमचंद पुढे गेला होता, तो थांबला. क्षणभर त्याने बघितलं. मग परत आला, रस्त्यात उतरला, एक हात गाड्यांकडे आडवा धरला आणि दुसरा वर करून पुढे फेकला. अगदी तसाच. दर रविवारी ते दोघं वेशीतून येताना त्याने धम्मपालचा तो हात पाहिला होता.

‘आ जाओ. कुछ नहीं है.’

हात बरोबर समोर होता, त्या रुपयाएवढ्या उजेडात. धम्मपालला तो स्वच्छ दिसत होता. गाड्या थांबल्या होत्या, हॉर्न वाजत होते, इलमचंद पुन्हा पुन्हा हात हलवत होता, आणि धम्मपालचं पाऊल काही केल्या उचलत नव्हतं.