गार पाणी की कोमट

मावशीचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे मी आज संध्याकाळपर्यंत दादाला सांगायचं होतं. नाही म्हटलं, तर तो तिला आपल्याकडे नेणार आणि तिचं हे दोन खोल्यांचं घर बंद करणार. आता मी काय डॉक्टर आहे? पण दादापुढे बोलायची सोय नाही.

मावशी म्हणजे आमच्या आईची धाकटी बहीण. तीस वर्षं तिकीटखिडकीत बसली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि आठवडाभराच्या सायीचं लोणी घरीच काढायचं हा हट्ट काही सोडला नाही. विकतच्या लोण्याला ती मेण म्हणते.

गेल्या महिन्यात तिनं विरजलेल्या सायीत कोमट पाणी ओतलं आणि रवी फिरवली. आज बघते तर बर्फाचं पाणी.

"अगं, त्या दिवशी कोमट घातलंस ना?"

"घातलं असेल."

"मग बरोबर कुठलं?"

"दोन्ही," म्हणाली.

घ्या आता. माझं टाळकंच सटकलं. बाहेर जाऊन दादाला फोन लावला आणि सांगून टाकलं, "ने बाबा तिला. एक गोष्ट धड आठवत नाही." निघालोच, म्हणाला.

परत आले तर ती बोट बुडवून साय किती गार झाली ते बघत होती. "तेव्हा थंडी होती, लोणी येता येईना. आज उकडतंय. कोमट घातलं तर गोळा होईल का, वेडे?" बघता बघता लोणी वर आलं, पांढरं, घट्ट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाला आल्या पावली परत पाठवायचं ठरवून मी फोन उचलला.

तोवर मावशीनं गोळा गार पाण्यात सोडला, हात पुसले, आणि उरलेल्या ताकात रवी घालून परत घुसळायला बसली.

"मावशी, लोणी निघालं की."

"कुठं निघालं? आत्ता तर बसलेय."

लोण्याचं भांडं तिच्या कोपराला लागत होतं. मी एकदा भांड्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. खरी मावशी कुठली, मघाची की ही? दादाला सांगू तरी काय? मला काही म्हणजे काही कळेना.

"दमलीस. दे इकडे," म्हणून मी रवी घेतली.

"सावकाश फिरव. येईल आता."

दाराची बेल वाजली. मी त्या ताकात रवी फिरवत राहिले.