चष्मेवाल्याचं लिनक्स

आमचे हे चष्मेवाले. दुकान पुतण्याच्या हवाली केलं, पण सवय काही सुटली नाही. घरात काहीही निवडायचं असलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा धराव्यात तशा दोनच गोष्टी समोर ठेवतात आणि विचारतात, "ही बरी की ही?" आमचे पडदे असेच आले. भिंतींचा रंगही.

मग आमचा कॉम्प्युटर थकला. दुरुस्तीवाल्याने हात वर केले, यावर नवं काही चढणार नाही म्हणाला. एका प्राध्यापक गिऱ्हाइकाने सुचवलं, जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाका, फुकट आहे. ह्यांना वाटलं लिनक्स म्हणजे एकच वस्तू. निघाल्या त्याच्या ढीगभर जाती! त्यांना डिस्ट्रो म्हणायचं म्हणे. प्रत्येकीचा तोंडवळा निराळा आणि एकीचे भक्त दुसरीला नावं ठेवणार. वाचून वाचून ह्यांचं डोकं चक्रावलं, ऐकून ऐकून माझं.

मला कॉम्प्युटर हवा होता तो बहिणीसाठी. ती दूर राहते, रोज लांबलचक मेल लिहिते, आणि मी अक्षरं मोठी करून ती वाचते. वाचत होते. अलीकडे नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग बसला होता. ज्या शब्दाकडे बघावं नेमका तोच पुसला जायचा. ह्यांना मी ताकास तूर लागू दिली नव्हती. ज्याने जन्मभर लोकांची नजर सुधारली त्या माणसाला, तुमच्या काचेने माझं भागणार नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मला भीती वाटत होती. मेल नीट दिसत नाही एवढंच मी म्हणाले, आणि ह्यांनी ठरवून टाकलं, दोष डिस्ट्रोचा.

पेनड्राइव्हवरून डिस्ट्रो नुसती चालवून बघता येते, हे ह्यांना कळलं आणि माझी परीक्षाच सुरू झाली. एकीत बटणं वर, दुसरीत खाली. एकीत आवाज गायब, दुसरीत प्रिंटर रुसलेला. "ही बरी की ही?" मी आपलं ठोकून द्यायचे, "ही."

शेवटी एक जिंकली आणि ह्यांनी ती कायमची बसवली. तर रोज निरोप: अपडेट आले आहेत. हे भक्तिभावाने 'हो' म्हणायचे. एका संध्याकाळी अपडेट चालू असतानाच ह्यांनी दुकान बंद करताना करायचे तसा भिंतीवरचा मेन स्विच खाली केला. सकाळी काळा पडदा, त्यावर पांढऱ्या ओळी. पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा पहिल्यापासून सगळं. नाकीनऊ आले.

"आता शेवटचं," हे म्हणाले. बहिणीची मेल उघडली. "ही बघ." मग पेनड्राइव्ह काढला, घातला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तीच मेल उघडली. "आणि ही. कुठली बरी?"

"दुसरी. पुष्कळ स्पष्ट आहे."

ह्यांनी माउस बाजूला सारला.

"काय झालं?"

"दोन्ही एकच होत्या गं. काही बदललं नव्हतं मी."

मी उखडलेच. "म्हणजे मला फसवलंत?"

"दुकानात असंच करतो आम्ही. तीच काच पुन्हा लावायची. ज्याला नीट दिसत असेल तो म्हणतो, काहीच फरक नाही. ज्याला दिसत नाही, तो काहीतरी उत्तर देऊन मोकळा होतो." हे माझ्याकडे वळले. "कधीपासून?"

मी सांगितलं. सांगताना रडू आलं, त्याची लाजही वाटली नाही. ह्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, उद्याची वेळ घेतली.

"आणि ह्याचं काय?" मी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "कुठली ठेवायची?"

"कुठलीही ठेवू. मला वाचता येतंय ना!" हे म्हणाले. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि बहिणीची मेल मोठ्याने वाचायला लागले. तिने ह्यांच्याबद्दल काय काय लिहिलं होतं, त्यातला एक शब्दही गाळला नाही.