निम्मं भाडं, शेवट तोंडी

काकूंनी मला खरं विचारलं होतं. मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले.

आज सकाळी त्या गेल्या.

आता दिवसभर सगळे फोन करून मलाच म्हणताहेत, "तू किती केलंस गं त्यांचं!" कृपा करून म्हणू नका. ऐकवत नाही.

नव्वदच्या दशकात नगर जिल्ह्यातल्या आमच्या बेलापुरात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना काकू-काकांची व्हिडिओ लायब्ररी आठवत असेल. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या आळीच्या तोंडाशी एक गाळा. भिंतभर कॅसेट्स. कोपऱ्यात एक टीव्ही, त्यावर पोरं तासाच्या भाड्यानं व्हिडिओ गेम खेळायची.

नव्या पिक्चरची एकच कॉपी यायची. तिचं भाडं जास्त, आणि ती कायम बाहेर. कधीही जा, काकू म्हणणार, "गेली बाई आत्ताच!"

आमच्या घरात मामांनी दिलेला जुना व्हीसीआर होता, पण नव्या कॅसेटची ऐपत नव्हती. आमच्यासाठी खालचा कप्पा.

त्या कप्प्यातल्या कॅसेट्सना शेवट नसायचा!

रिवाइंड करताना टेप बहुतेक शेवटाकडेच तुटायची. मग काका कात्री घेऊन बसायचे, खराब झालेला तुकडा कापून टाकायचे. असल्या कॅसेटला भाडं निम्मं. आणि परत द्यायला गेलं की काकू शेवट तोंडी सांगायच्या.

काय सांगायच्या! काउंटरवर कोपरं टेकवून, डोळे मोठे करून. आधी कोपऱ्याकडे ओरडायच्या, "ए पोरांनो, आवाज बंद करा तो गेमचा! हितं क्लायमॅक्स चाललाय!"

मी आणि आई तोंड उघडं टाकून ऐकायचो.

काकूंच्या शेवटात कुणी मरायचं नाही. गोळी दंडाला चाटून जायची. आंधळ्या आईला दिसायला लागायचं. भांडलेले भाऊ एका ताटात जेवायचे.

एका वर्षी वडील पुण्याला ॲडमिट होते. आई अधूनमधून घरी यायची, तेव्हा मुद्दाम एखादी कॅसेट आणायची. डोक्याला तेवढीच विश्रांती. त्यातल्या एका पिक्चरमध्ये हिरो आजारी असतो. काकूंनी सांगितलं, ऑपरेशन होतं, हिरो घरी येतो, बायको दारात ओवाळते. आई ऐकता ऐकता रडली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पुण्याला गेली.

वडील बरे होऊन आले. मला वाटायचं, असं सांगितल्यानंच माणसं बरी होतात.

पुढे कॉलेजला असताना तोच पिक्चर टीव्हीवर लागला. हिरो मरतो. चक्क मरतो!

सुट्टीत आले ती तडक लायब्ररीत.

"काकू, अहो तो मरतो!"

"व्हय. मरतोच."

"मग आईला खोटं का सांगितलंत?"

"तुझा बाप दवाखान्यात हुता. तिला मरान सांगू का मी?" मग म्हणाल्या, "आन तुमी इचारलं कुठं, खरं काय म्हणून? कुनी इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

मी हसले होते तेव्हा. त्यांचं शेवटचं वाक्य मी कधी मनावर घेतलंच नाही.

नंतर डिश आली, सीडी आल्या, लायब्ररी बंद पडली. काका गेले. मूलबाळ नव्हतं. एक सख्खी धाकटी बहीण, सुमनमावशी, तिकडे संगमनेरपल्याडच्या अकोल्याला. त्यांच्या आईच्या आजारपणात कुणी जास्त केलं, यावरून दोघी भांडल्या आणि बोलणं जे तुटलं ते तुटलंच. दोघीही हट्टी.

गेल्या महिन्यात काकूंना नगरला दवाखान्यात आणलं. मी इथेच राहते, म्हणून मीच धावपळ केली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता फार दिवस नाहीत.

मी आत गेले. काकूंनी माझा हात धरला.

"खरं सांग. मी घरी जानार हाय का न्हाई?"

"असं का विचारता?"

"घरी जानार असंल तर मीच अकोल्याला जाईन. थोरली हाय मी, मीच तिच्या दारात जायला पायजे. जानार नसंल तर सुमनला आत्ताच्या आत्ता बोलाव."

इतकं स्पष्ट. आणखी कुठल्या भाषेत सांगायचं माणसानं?

आणि मी शहाणी म्हणाले, "काहीतरीच काय काकू! दिवाळीला तुम्हीच जायचंय अकोल्याला. मी घेऊन जाते गाडीनं."

त्या खूश झाल्या. मावशीसाठी कोणत्या रंगाचं लुगडं घ्यायचं ते मला सांगत बसल्या. मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं, लाज वाटते लिहायला.

मावशीला फोन केला तो आज सकाळी. अकोल्याहून संगमनेर, तिथून पुढची एसटी. लोक थांबले, थांबले आणि काकूंना घेऊन निघाले. ती बेलापुरात पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

ओट्यावर बसली. पिशवी मांडीवरच. मला म्हणाली, "माझं नाव काढलं हुतं का गं तिनं?"

माझ्या ओठावर आलं होतं. 'हो मावशी, शेवटी तुमचंच नाव घेत होत्या, शांत गेल्या.' मावशीला बरं वाटलं असतं. मलाही.

पण तिनं विचारलं होतं.

"काढलं होतं," मी म्हणाले. "तुम्हाला बोलवायला सांगितलं होतं. मी बोलावलं नाही."

 मावशी माझ्याकडे बघत राहिली, मग तोंड फिरवून पदराआड रडली. मी बाजूला बसले तर सरकून बसली.

बरोबर केलं तिनं.

काकू, लुगडं हिरवं म्हणाला होतात. घेऊन अकोल्याला जाते. मावशीनं दार उघडलं नाही, तर दारात ठेवून येईन.

मला माफ करू नका. जा सुखानं.