सुभेदाराची भाकर

बासष्टच्या नोव्हेंबरात आमची प्लॅटून नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, एका डोंगराच्या रिजवर होती. बर्फ पडायला लागलं होतं आणि अंगात जर्सीवर एक पातळ कोट. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज उभं राहणं, मग ट्रेंच खोदणं, मग हत्यारं साफ करणं, मग पुन्हा खोदणं. लोक मला विचारतात, लढाईत दिवसभर काय करत होतात? खड्डे करत होतो. तेवढ्या खोदाईत दिग्रसच्या बाजूला दोन विहिरी झाल्या असत्या.

माझ्या ट्रेंचमध्ये लान्स नाईक देवसिंग होता. आम्ही दोघे दिग्रसजवळच्या एकाच तांड्यातले, एकाच दिवशी भरती झालेले. देवसिंगला गप्प बसता येत नसे. त्या दिवसांत त्याचा एकच विषय होता. सुट्टीवर गेलं की कुत्र्याचं पिल्लू पाळायचं. आधीच्या पोस्टिंगमध्ये त्यानं आर्मीचे डॉग हँडलर जवळून पाहिले होते, आणि तेव्हापासून तो स्वतःला त्यातला उस्ताद समजत असे.

"पिल्लू आनाच्या आधी जागा तयार पायजे," तो सांगे. "बकरीचे पिल्लं ठेवतो तथी पोतं टाकाचं. थाळी अलग. खाऊ घालनारा मानूस एक, हुकूम देनारा बी तोच. दुसऱ्याच्या हातचा घास घ्याचा नाई. अन हुकूम इंग्रजीत."

"इंग्रजीत काहून?"

"चोराले इंग्रजी येत नाई."

नावही ठरलेलं होतं. सुभेदार. "मी काई तथपर्यंत पोचत नाई," तो म्हणाला. "कुत्र्यालेच करतो. तांड्यानं सलाम ठोकला पायजे." आमच्या घरातली बोली गोरबोली, बंजाऱ्यांची. ती इथं जशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्याचे हाल होतील, म्हणून आमचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो. तीही आम्हाला तेवढीच जवळची.

रेशन वर येणं बंद झालं होतं. आमच्या हवालदारानं वायरलेसवर विचारलं, "रेशन पार्टी किधर है? ओव्हर."

"रास्ता बंद है. होल्ड करो. आउट."

आम्ही होल्ड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिन्यांचा हल्ला आला. दुपारी माघारीचा हुकूम आला तेव्हा देवसिंग माझ्या शेजारीच होता, पण जिवंत नव्हता. त्याला उचलून आणता आलं नाही. आमच्या सेक्शनमधले आणखी तिघे त्याच रिजवर राहिले.

मी डोंगर उतरून आलो. बर्फानं उजव्या पायाची बोटं नेली. हॉस्पिटल, मेडिकल बोर्ड, आणि त्रेसष्टच्या उन्हाळ्यात घरी.

माझ्या आधी तांड्यात तार पोचली होती. देवसिंग बेपत्ता आहे, असं तारेत होतं. मी हॉस्पिटलात बयान दिलं होतं, पण कागद आपल्या चालीनं चालतात. त्याची आई सोनीकाकी विधवा, आणि हा एकुलता एक. मी घरी आल्या दिवशीच तिच्याकडे गेलो आणि तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

"तू थकून आला. घरी जाय."

"काकी, मी तथीच होतो."

"तारीत लिवलं, हरवला. हरवलेलं सापडते. जाय."

रोज संध्याकाळी चुलीवरची पहिली भाकर ती देवसिंगच्या नावानं ताटाखाली झाकून ठेवी, मग स्वतः अर्धीमुर्धी खाई. दुसऱ्या संध्याकाळी नवी भाकर झाली की शिळी बैलाच्या तोंडात जाई. तांड्याच्या नायकानं, म्हणजे प्रमुखानं, समजावून पाहिलं, म्हाताऱ्या बायांनी पाहिलं. आमच्यात माणूस गेला की बाया जमतात आणि सुरात रडतात. त्या रडण्यातच मेलेल्याचं सगळं आयुष्य सांगतात. पण आईनं सुरुवात केल्याशिवाय दुसरी कशी रडणार? देवसिंगला जाऊन इतके महिने झाले, आणि त्याला अजून कोणी रडलंच नव्हतं. मला हे सहन होत नसे. रिजवर त्याला टाकून आलो होतो, आणि इथंही तो उघड्यावरच पडला आहे, असं वाटे.

पिल्लाची कल्पना मला पोळ्याच्या सुमारास सुचली. निदान तिच्या अंगणात काहीतरी हलेल. काकी लगेच तयार झाली, पण तिच्या पद्धतीनं.

"आन. शिकवून ठेव. तो आला का त्याच्या हवाली कर."

सगळं देवसिंगनं सांगितल्याप्रमाणे केलं. बकरीच्या पिल्लांची जागा झाडली, चुना मारला, पोतं टाकलं. थाळी दिग्रसच्या बाजारातून आणली. काकीनं गळपट्टा विणला आणि त्याला कवड्या लावल्या. त्या कवड्या तिच्या सासऱ्याच्या बैलांच्या झुलीवरच्या. तो लदेणीवर जायचा, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचा. मी म्हटलं, काकी, हे रेग्युलेशनमध्ये बसत नाही. ती म्हणाली, "तुह्या रेग्युलेशनले कवड्या टोचतात का?" बऱ्याच महिन्यांनी ती एवढं बोलली होती.

आमच्या तांड्यात पिल्लू विकत नाहीत. कुत्रीला गूळ-भाकर चारायची, तिनं खाल्ली की पिल्लू उचलायचं. काकीनं स्वतः चारली. पिल्लू तांबूस होतं, लांब पायांचं, कान स्वतःच्याच पायाखाली येतील असे. लदेणीबरोबर चालणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातलं, असं नायक सांगे. सुभेदार पहिल्या दिवशी माझ्या बुटात मुतला.

मी त्याला रोज सकाळी फॉल-इन करत असे. सिट. स्टे. हील. थाळीत भाकर-ताक कालवून ठेवायचं, त्यानं समोर बसायचं, आणि मी "गो" म्हटल्यावरच तोंड घालायचं. तांड्यातल्या बाकी कुत्र्यांचं असं नसतं. ती संध्याकाळी दारोदार फिरतात आणि प्रत्येक घर तुकडा टाकतं. तांड्याचं कुत्रं सगळ्या तांड्याच्या हातचं खातं, म्हणूनच ते सगळ्या तांड्यासाठी भुंकतं. माझ्या डोक्यात मात्र पलटण. कोणी तुकडा पुढे केला की सुभेदारानं मान फिरवायची, हे मी त्याला महिनाभर घोटून शिकवलं. मोठा अभिमान होता मला.

एका संध्याकाळी काकीनं त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा धरला. सुभेदारानं वास घेतला, मान फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी "शाबास" म्हणालो. काकीनं तुकडा पदराला पुसून परत टोपल्यात ठेवला आणि ती आत गेली.

दिवाळीनंतर माझा पाय चिघळला. नागपूरला जावं लागलं. चार दिवसांत येतो म्हणून गेलो, आणि डॉक्टरनं दोन आठवडे अडकवून ठेवलं. जाताना थाळी काकीकडे दिली आणि सांगितलं, भूक लागली की खाईल.

परत आलो तेव्हा एसटी फाट्यावर थांबली आणि नायक समोर उभा. तो कोणाला घ्यायला फाट्यापर्यंत येणारा माणूस नव्हे.

"थावरू, बिगीनं चाल. तुह्या कुत्र्यापायी बुढी मरते."

"काय झालं?"

"ते थाळीले तोंड लावत नाई. अन ते खात नाई म्हनून पाच दिस झाले, बुढी बी खात नाई. म्हनते, पोराचं कुत्रं उपाशी अन मी कशी जेवू? पानी तेवढं पेतात दोघं."

मी काठी टेकत जमेल तेवढ्या जोरात चाललो. अंगणात सुभेदार थाळीसमोर बसलेला होता, माझ्या शिकवणीप्रमाणे ताठ. शेतात उंदीर मारून जगला असेल. बरगड्या मोजून घ्याव्यात. काकी भिंतीला टेकून होती. तिचे डोळे आत गेले होते. मला पाहून कुत्र्यानं शेपटी आपटली, पण थाळीसमोरून उठला नाही. मला त्याची आणि माझी दोघांचीही चीड आली.

"तुह्या पलटनीचा हुकूम मोडत नाई ते," काकी म्हणाली. "मी बी गो म्हनलं. माह्याकडं पाहत बी नाई."

"आत्ता खाऊ घालतो."

"थांब." तिनं माझा हात धरला. "तू पुन्हा दवाखान्यात गेला मंग? पलटनीत काय करतात? हँडलर दुसरीकडं गेला तं कुत्रं कोनाले देतात?"

"दुसऱ्या हँडलरले. जुना बाजूले उभा राह्यते, दोरी नव्याच्या हाती देते, अन पाठ फिरवते. कुत्र्याले समजते."

"अन मेला तं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तीही माझ्याकडे पाहत होती.

"मेला तरी दुसऱ्याले देतात, काकी. कुत्रं उपाशी नाई ठेवत."

ती मग भिंतीला धरून उठली, घरात गेली आणि ताटाखालची भाकर घेऊन आली. देवसिंगची. तिनं ती थाळीत कुस्करली आणि माझ्यासमोर हात पसरला.

"आन दोरी."

मी खुंटीवरची दोरी गळपट्ट्यात अडकवली, तिच्या हातात दिली आणि पाठ फिरवली. सुभेदार माझ्यामागे कुईकुई करत राहिला. मी वळलो नाही. फौजेत मला बरेच हुकूम पाळावे लागले. हा मी स्वतःलाच दिलेला होता आणि पाळायला सर्वांत जड.

"गो," काकी म्हणाली. मग पुन्हा, हळू आवाजात, "गो, बापू. खाय."

थाळी जमिनीवर सरकल्याचा आवाज आला. तो खात होता. त्यानंतर काकीचा आवाज आला, आणि तो बोलण्याचा नव्हता. ती सुरात रडायला लागली होती. शेजारच्या बाया एकेक करून आल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या. देवसिंगचा जन्म, त्याचं बकऱ्या राखणं, भरतीच्या दिवशीचं नवं धोतर, सगळं त्या रडण्यात आलं. मी तिथंच उभा होतो. मीही रडलो. रिजवर वेळ मिळाला नव्हता.

अंधार पडता पडता बाया उठल्या. काकीनं मला जवळ बोलावलं.

"आता सांग."

मी सावधान उभा राहिलो, सवयीनं. रिज, हल्ला, दुपार, गोळी कुठं लागली, किती लवकर गेला. जसं होतं तसं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी तिनं एकच विचारलं.

"जेवला होता का तो?"

त्या दिवशी सकाळी आमच्याकडे रेशनमधला एक शक्करपारा उरला होता, आपल्या शंकरपाळ्यासारखा, गोठून दगड झालेला. देवसिंगनं तो रायफलच्या दस्त्यानं फोडला होता.

"अर्धा खाल्ला, काकी. अर्धा मले देल्ला."

तिनं मान हलवली. टोपल्यातली भाकर काढली, दोन तुकडे केले, एक माझ्या हातात ठेवला.

"जेव," ती म्हणाली, आणि दुसरा तिनं खाल्ला.